वाजवणाऱ्याचे भांडवल



वसंतातील व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात 1875 साली पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर धर्म, इतिहास, अर्थशास्त्र अशा विषयांचा विचार होत आला. ‘डीजेचे सामान’ हा विषय त्या मालिकेत बसतो काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. आमच्या मते तो बसतो. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पुष्कळ तरुणांच्या मनात आज हा धंदा आहे. शेत थोडे, कारखान्याची नोकरी वापीला किंवा बोईसरला, तीही कंत्राटाची. तेव्हा चार बॉक्स, एक मशीन आणि एक टेम्पो घेऊन लग्नांच्या सुपाऱ्या घ्याव्यात, असे त्याला वाटते. यात चूक काहीच नाही. परंतु हे सामान कोणत्या क्रमाने घ्यावे, कोणाच्या पैशाने घ्यावे आणि ते कसे वाजवावे, हे त्याला कोणी सांगत नाही. दुकानदार सांगतो ते दुकानदाराच्या सोयीचे असते. म्हणून आज आम्ही या विषयाची साधी मांडणी करणार आहोत.

प्रथम थोडा इतिहास. आवाज मोठा करणारे यंत्र आपल्या देशात आधी सभेसाठी आले आणि मग लग्नाच्या मांडवात शिरले. 1930 च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांत नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’चे ध्वनिक्षेपक लागत, आणि लाखांच्या समुदायाला वक्त्याचा शब्द पोहोचू लागला. पुढे तोच भोंगा ग्रामोफोनच्या तबकडीला जोडला गेला आणि गावोगावच्या लग्नांत वाजू लागला. इंग्लंडात लिंकनशायर परगण्यातील रॉन डिगिन्स या गृहस्थाने 1949 च्या सुमारास दोन तबकड्यांचे एक फिरते मेज बनवून गावोगावी नाचाचे कार्यक्रम केले. फिरत्या डिस्कोच्या मूळ पुरुषांत त्याची गणना होते. म्हणजे हा धंदा पाऊणशे वर्षांचा आहे. त्याचे मर्मही तेव्हापासून तेच आहे: सामान फिरवता आले पाहिजे आणि ऐन वेळी ते बंद पडता कामा नये.

येथे एका शब्दाची गंमत सांगावीशी वाटते. आपल्याकडे मोठ्या आवाजाच्या संचाला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी 1965 साली जी कंपनी काढली तिचे पहिले नाव झाले ते ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळे. नको असलेला आवाज कमी करणाऱ्याचे नाव आपण कान बसवणाऱ्या यंत्राला दिले. असो.

आता सामानाकडे वळू. फिरत्या डीजेच्या संचाचे पाच भाग असतात. पहिला भाग गाणे पुरविणारा: लॅपटॉप आणि त्याला जोडलेला कंट्रोलर, किंवा नुसता मोबाइल. दुसरा मिक्सर, ज्यात गाणे आणि माइक एकत्र येतात. तिसरा ॲम्प्लिफायर, ज्याला धंद्यातली मुले ‘मशीन’ म्हणतात. चौथा बॉक्स, त्यात वरचे ‘टॉप’ आणि खालचे ‘बेस’ असे दोन प्रकार. पाचवा भाग म्हणजे वायरी, बोर्ड, जोडण्या आणि वीज. नवा मुलगा पैसा खर्च करतो तो या क्रमाच्या नेमका मध्यावर, म्हणजे मशीन आणि बेस यांवर. कार्यक्रम बंद पडतो तो मात्र बहुतेक वेळा पाचव्या भागापायी. दोनशे रुपयांची वायर दगा देते आणि दोन लाखांचा संच मुका होतो.

वॉटच्या आकड्याने तर पुष्कळांची फसगत होते. बॉक्सवर ‘2000 वॉट’ असे ठळक छापलेले असते. तो आकडा पुष्कळदा क्षणभराच्या उसळीचा असतो. सतत किती वॉट झेपतात, हा आकडा बारीक अक्षरात असतो, आणि खरा तोच. दुसरे असे की, वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. 500 चे 1000 वॉट केले तर आवाज अवघा 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम फरक जाणवतो. आवाज दुप्पट वाटावा यासाठी सुमारे 10 डेसिबल वाढ लागते आणि तिच्यासाठी वॉट दसपट करावे लागतात. याउलट, एक वॉट दिला असता एक मीटरवर 94 डेसिबल देणारा बॉक्स आणि 97 डेसिबल देणारा बॉक्स यांच्यात निवड करताना दुसरा घेतला, तर दुप्पट मशीन घेतल्याचाच लाभ झाला. बॉक्सच्या कागदावर हा आकडा असतो. तो विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदार जरा जपून बोलतो, हेही लक्षात ठेवावे.

बॉक्स जळतात कशाने? पुष्कळांची समजूत अशी की मशीन मोठे झाले म्हणून. प्रत्यक्षात लहान मशीन मर्यादेबाहेर ताणल्यानेही टॉप जळतात. मशीनची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचा माथा सपाट कापला जातो, आणि ते कापलेले, कर्कश रूप टॉपच्या नाजूक कॉइलवर जाऊन पडते. मशीनवरील लाल दिवा सारखा लागत असेल तर तो खाली येण्याचा इशारा आहे. पाहुणे ‘अजून वाढव’ म्हणाले म्हणजे मुलगा लाल दिव्याकडे पाठ फिरवतो, आणि दुसऱ्या दिवशी कॉइल बदलावयास निघतो. चालू करताना आधी मिक्सर आणि शेवटी मशीन, बंद करताना आधी मशीन आणि शेवटी मिक्सर, हा नियम पाळला तरी पुष्कळ टॉप वाचतात.

खरेदीला कोठे जावे? 2013 सालापासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली. ग्रँट रोडला उतरले की लॅमिंग्टन रोड जवळच. तेथे एका फेरीत दहा दुकाने पाहता येतात. तलासरीच्या मुलाला वापी जवळ पडते. जवळ घ्यावे की लांब, याचे उत्तर एकच: बिघडल्यावर दुरुस्ती कोठे होणार, ते आधी पाहावे. जुने सामान घ्यावयाचे असल्यास बॉक्सचा कागद बोटांनी सारखा दाबून हळूच आत-बाहेर करून पाहावा. आत खरखर घासल्यासारखे लागले तर कॉइल गेलेली समजावी. जळका वास येतो काय ते पाहावे. अर्धा तास वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बिल मागावे, बिल नसलेला स्वस्त बॉक्स चोरीचा निघाला तर तो सर्वांत महाग पडतो.

आता विजेविषयी. येथे प्रश्न प्राणाचा आहे. समजा, दोन मशीन मिळून 2 किलोवॉट, दिवे अर्धा किलोवॉट आणि बाकी किरकोळ मिळून एकूण 2.6 किलोवॉट वीज लागते. जनरेटरचा आकडा केव्हीएमध्ये असतो, 0.8 ने भागले असता सव्वातीन केव्हीए होतात. त्यावर तिसरा हिस्सा राखीव धरला पाहिजे, कारण बेसचा ठोका एकदम ओढ घेतो. म्हणून 5 केव्हीएचा जनरेटर घ्यावा किंवा भाड्याने आणावा. तीच वीज घरातून घेतली तर सुमारे 14 अँपिअर होतात. घरातल्या 6 अँपिअरच्या बटणाचे हे काम नव्हे. शिवाय पाड्यावर मीटर एका घरात आणि मांडव पन्नास मीटरवर, असे नेहमीचेच. तेथपर्यंत दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली तर ढोबळमानाने 17 व्होल्ट वाटेतच नाहीसे होतात आणि वायर तापते. चार चौरस मिलिमीटरची ओढली तर साडेसहा व्होल्टच्या आसपास जातात. म्हणून जाड वायर ही चैन समजू नये. खांबावर आकडा टाकणे ही 2003 च्या वीज कायद्याप्रमाणे चोरी आहे, आणि न्यूट्रल तुटला तर त्याच आकड्यावरून 400 व्होल्ट संचात शिरू शकतात.

आमचा आग्रह असा की, पहिल्या दिवशी बॉक्स घेण्यापूर्वी तीन लहान वस्तू घ्याव्यात: 30 मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीचे ब्रेकर, एक साधे मल्टिमीटर आणि अर्थिंगची सळई व वायर. मांडवात ओल असते, मुले अनवाणी नाचतात, नवरदेवाच्या हातात माइक असतो. ओल्या मातीवर उभ्या माणसाच्या हातातील माइकमध्ये वीज उतरली तर ते ब्रेकर क्षणात विद्युतप्रवाह तोडते. तद्वतच वरातीच्या टेम्पोवर बॉक्स चढवताना वर पाहावे. आपल्या रस्त्यांवरून उच्च दाबाच्या तारा जातात. बॉक्सच्या उंच चळतीवर उभा राहून नाचणारा मुलगा त्या तारेपासून किती लांब आहे, ही जबाबदारी ऑपरेटरची. गाडीच्या बांध्यात परवानगीवाचून फेरफार करणे मोटार वाहन कायद्यालाही मान्य नाही.

यानंतर कायदा. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारने 2000 साली केले. त्यांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात तो उघड्यावर वाजवता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सवलत देऊ शकते. लग्न म्हणजे असा दिवस नव्हे. वस्तीच्या भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र राज्य सरकार जाहीर करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2005 मध्ये हे बंधन उचलून धरले. 2018 साली गणेशोत्सवात डीजे आणि डॉल्बीवरील बंदी उठविण्यास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला. हे नियम केंद्राचे असल्याने अच्छाडचा नाका ओलांडून उंबरगावकडे सुपारीला गेले तरी दहाचा ठोका तेथेही दहालाच पडतो.

या आकड्यांचा अर्थ अंतराने कळतो. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. बॉक्सपासून 10 मीटरवर 100 डेसिबल असतील तर 20 मीटरवर 94, 40 वर 88, 80 वर 82 आणि 160 मीटरवर 76. म्हणजे नाचणाऱ्यांपासून दीडशे मीटर लांब झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या कानावरही दिवसाच्या मर्यादेहून कितीतरी अधिक आवाज येतो. यावर उपाय सामानातच आहे. एका टोकाला डोंगरासारखे बॉक्स रचण्याऐवजी लहान बॉक्स नाचाच्या चौकाच्या चारी बाजूंना आतल्या दिशेने तोंड करून ठेवले, तर नाचणाऱ्यास भरपूर ऐकू येते आणि पाड्याला कमी. त्यात खर्चही कमी. मोठा संच दिमाखाचा असतो; नीट मांडलेला संच धंद्याचा असतो.

गाण्यांच्या हक्काविषयीही लोक विचारतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 52 प्रमाणे खऱ्या धार्मिक समारंभात गाणे वाजविण्यास मुभा आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ धरले आहेत. हॉटेलातील वर्षअखेरीचा नाच या सवलतीत येत नाही. तेथे परवाना लागतो आणि तो कोणी काढावयाचा हे सुपारी घेतानाच ठरवावे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, पैसा. या मातीत लग्न आणि कर्ज यांचे नाते जुने आहे. पूर्वी येथील वारली तरुण लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून थोडे पैसे घेई आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघेही त्याच्या घरी राबत. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. ते पैसे फिटत नसत आणि आयुष्य संपे. मे 1945 मध्ये तलासरी तालुक्यातील झरीला वारली स्त्रीपुरुष जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ही वेठ नाकारली. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सारा लढा लिहून ठेवला आहे. लग्नगडी गेला. पण त्याच्या नातवाने लग्नात वाजविण्याच्या सामानासाठी पुन्हा सावकाराचे दार ठोठावले, तर त्या जागृतीचे काय उरले?

हिशेबच करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतो. मुलाने दोन लाखांचा संच कर्जाने घेतला. वर्षात तीस रात्री, दर रात्री आठ हजार, म्हणजे 2 लाख 40 हजार. दर रात्री टेम्पो, डिझेल, दोन हमाल, झीज मिळून पाच हजार गेले. उरले तीन हजार, वर्षाचे 90 हजार. बँकेचे कर्ज बारा टक्क्यांनी तीन वर्षांचे असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे 6,643 रुपये, वर्षाला 79 हजार 700 च्या घरात. मुलाच्या हाती वर्षाअखेर दहा हजार! तीसऐवजी वीस रात्री मिळाल्या तर मिळकत 60 हजार, आणि वीस हजारांची तूट. सावकाराकडून महिना शेकडा तीनने घेतले, तर नुसते व्याज महिना सहा हजार. तीन वर्षांत 2 लाख 16 हजार व्याज भरूनही दोन लाख मुद्दल जसेच्या तसे उभे. बँकेत तीन वर्षांत एकूण सुमारे 2 लाख 39 हजार भरून मुलगा मोकळा. हप्ता जवळजवळ तितकाच. फरक एवढाच की एकीकडे कर्ज संपते आणि दुसरीकडे संपत नाही. विनापरवाना सावकारी हा 2014 च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो.

म्हणून आरंभ लहान करावा. 2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50 हजारांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत बँकेचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. ऐंशी हजारांचे कर्ज त्याच दराने घेतले तर हप्ता 2,657 च्या आसपास पडतो. तेवढ्यात मिक्सर, दोन चांगले टॉप, दोन माइक, जाड वायरी आणि विजेचे रक्षण बसवावे. हळद, बारसे, शाळेचे संमेलन, गावची सभा यांना एवढे पुरते. मोठी वरात मिळाली तर बेसचे बॉक्स आणि जनरेटर त्या रात्रीपुरते भाड्याने आणावे. दोन हंगाम वही लिहावी: कोणत्या रात्री काय भाड्याने आणले आणि काय दिले. ज्या वस्तूचे भाडे वहीत वारंवार येते ती वस्तू विकत घ्यावी. सुपारी घेताना विसार घ्यावा, कागदावर वेळ लिहावी आणि ‘दहाला बंद’ हे शब्द ठळक लिहावेत.

आपला हंगामही ध्यानात धरावा. भात घरात आले की पुढे वैशाखापर्यंत लग्ने, नवरात्रात गरबा, आणि पावसाचे चार महिने हात रिकामे. हप्ता मात्र आषाढातही येतो. तेव्हा दर सुपारीतून पावसाळ्याचा वाटा बाजूला टाकलाच पाहिजे. डहाणूच्या खाऱ्या वाऱ्यात जोडण्या गंजतात; म्हणून सामान जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावे आणि पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास वाजवावे. संच वाजता राहिला की ओल धरत नाही.

सामानाच्या यादीत एक वस्तू मुद्दाम शेवटी ठेवली: कानातले बोळे. 85 डेसिबल आठ तास कानाला सोसतात असे धरतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला पंधरा मिनिटे. आमच्या तरुणाची रात्र पाच तासांची असते आणि वर्षात अशा तीस रात्री. गेलेले ऐकू येणे परत येत नाही, आणि त्याला नवी कॉइल मिळत नाही. काही रुपयांचे बोळे घातल्याने धंद्याचा रुबाब कमी होत नाही.

शेवटी तारप्याविषयी दोन शब्द. वाळवलेला दुधी, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचे तोंड, एवढ्यावर वारली वादक श्वास न तोडता तासन्‌तास वाजवतो आणि सारा पाडा त्याच्याभोवती फेर धरतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतून हा फेर जगभर पोहोचला. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. डीजेमुळे तारपा मरेल, अशी हळहळ आपण शहरात बसून करतो. ती करण्यापेक्षा एक गोष्ट करता येईल. लग्नघरच्या मंडळींनी सुपारी देतानाच सांगावे की धवलेरीचे गाणे चालले असता बॉक्स बंद राहतील आणि तारप्याचा एक फेर माइकवाचून होईल. डीजेवाल्या मुलाचे यात नुकसान काही नाही; त्याच्या मशीनला तेवढाच विसावा. पुष्कळदा तो मुलगा त्या तारपेवाल्याच्याच घरचा असतो.

श्रोतेहो, तुमच्यापैकी बहुतेक सुपारी देणाऱ्यांपैकी आहेत. मुलाने घ्यावयाची काळजी आम्ही सांगितली. तुमच्या वाट्याची थोडी आहे. विसार वेळेवर द्या. विजेची सोय आधी दाखवा. पाहुण्यांच्या आग्रहाने आवाज वाढवावयास लावू नका. आणि दहा वाजता तो बंद करील तेव्हा त्याचे पैसे कापू नका. नियम पाळणाऱ्यास पूर्ण पैसे मिळतात असे एकदा दिसले की बाकीचेही तो पाळू लागतात, आणि एका गरीब घरातला हा नवा धंदा नीट उभा राहतो.